कवटीवरची शिवण

मुळाक्षरांच्या तक्त्यात 'क' कमळाचा असतो. आमच्या घरी मात्र 'क' कवटीचा होता. हे मी विनोदाने लिहीत नाही. ज्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, जिथे माय अंगठा उठवते आणि बाबा कशीबशी सही करतात, त्या घरात छापलेली एकच गोष्ट सर्वांना सारखी वाचता येत होती. ती म्हणजे फवारणीच्या औषधाच्या डब्यावरची कवटी आणि तिच्यामागे फुलीसारखी ठेवलेली दोन हाडे.

कवटी हा काय लेखाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. नियतकालिकाच्या पानांवर पाऊस असावा, प्राजक्त असावा, फार तर हरवलेली मैत्री असावी! पण गेले वर्षभर ही कवटी माझ्या डोक्यातून जायला तयार नाही. आता कवटी डोक्यातून कशी जाणार, असे म्हणून मैत्रिणी हसतात. हसू द्यात. मला वाटते, माणसाने स्वतःच्या डोक्याची जी चित्रे काढली, त्यांत त्याने स्वतःबद्दल काय ठरवले आहे ते फार स्पष्ट दिसते. दुसऱ्यांबद्दल काय ठरवले आहे, ते तर त्याहूनही स्पष्ट दिसते.

आमच्या गावाच्या वेशीवर महावितरणची डीपी आहे. तिच्यावरच्या पत्र्याच्या पाटीवर लाल रंगात कवटी आहे. ती पाटी रंगाऱ्याच्या लहरीने आलेली नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत धोक्याच्या पाटीवर कवटी आणि हाडे असावीत, असे लिहूनच ठेवलेले होते. अक्षरे ज्याला येतात त्याने अक्षरे वाचावीत, येत नाहीत त्याने चित्र पाहावे, अशी ती सोय! कायदा करणाऱ्याने निरक्षर माणसाची आठवण ठेवली, हे पाहून बरे वाटते. माझी माय म्हणते, "वाचता येत नाही त काय झालं? हे मुंडकं सांगतेच ना, का मरशीन म्हणून!"

पण हे मुंडके सगळ्यांना एकच गोष्ट सांगते असे नाही. मेक्सिकोमध्ये नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांचा सण असतो. तेव्हा तिथे साखरेच्या कवट्या करतात, त्यांना फुलापानांची नक्षी काढतात आणि लहान मुले त्या आवडीने खातात. होसे ग्वादालूपे पोसादा नावाच्या चित्रकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी पिसांची मोठी टोपी घातलेल्या एका श्रीमंत बाईचे चित्र कोरले. टोपीखाली चेहरा नाही, हसरी कवटी आहे! थाटमाट कितीही करा, आत सगळे सारखेच, असा तो टोमणा. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात तर वेगळीच अडचण आली. तिथल्या मुलांना कवटी म्हटले की समुद्री चाचे आठवत, त्यांची साहसे आठवत. शिवाय त्या शहराच्या बेसबॉल संघाचे नावही 'पायरेट्स', म्हणजे चाचेच. विषाच्या बाटलीवरची कवटी पाहून मुलांनी दूर जायचे, तर ती जवळ येण्याची भीती! म्हणून १९७१ साली तिथल्या मुलांच्या रुग्णालयाने कवटी सोडून जीभ बाहेर काढलेला एक हिरवा, किळसवाणा चेहरा विषाची खूण म्हणून तयार केला.

आमच्याकडेही आता तसेच होऊ लागले आहे. गावातली पोरे छातीवर भली मोठी कवटी छापलेले टी-शर्ट घालून पारावर बसतात. माय एकदा त्यांतल्या एकाला म्हणाली, "काय रे, इखाचा सदरा घातला का?" तो हसला. मला मात्र हसू आले नाही. त्याला कारण आहे.

मी नववीत असताना बाबा दुसऱ्याच्या वावरात कपाशीवर फवारणीला गेले होते. दुपारी त्यांना दोघांनी धरून घरी आणले. अंगातून घामाच्या धारा, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "डबा आणलाय का?" डबा आणलेला होता. त्याच्यावर पिवळा त्रिकोण होता. बाबा पाच दिवस दवाखान्यात राहिले आणि वाचले. शुद्धीवर आल्यावर ते मायला म्हणाले, "डब्यावर मुंडकं नव्हतं ना, म्हून तोंडाले फडकं नाही बांधलं."

डब्यावर मुंडके नव्हते! हे वाक्य मी विसरू शकत नाही. पुढे मी त्या डब्यांवरची माहिती मुद्दाम वाचली. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे प्रत्येक डब्यावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचे दोन त्रिकोण पडतात. खालच्या त्रिकोणाला रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. लाल असेल तर वरच्या त्रिकोणात कवटी, हाडे आणि 'पॉयझन' हा शब्द, असे सगळे असते. पिवळा असेल तर 'पॉयझन' हा शब्द तेवढा असतो, कवटी नसते. म्हणजे पिवळ्या डब्यातही विषच. पण ते फक्त वाचता येणाऱ्याला कळणारे विष! ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी चित्राची सोय लाल रंगापाशीच संपते. आत घडी करून ठेवलेल्या कागदावर हातमोजे, चष्मा, वाऱ्याची दिशा असे सगळे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ती अक्षरे वाचायला मलाही डबा उजेडात न्यावा लागतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. त्या बातम्या वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तो पिवळा त्रिकोण येई. चित्र असणे हा एक इशारा. पण चित्र नसणे हाही माणूस एक निरोपच समजतो, हे चित्र ठरवणाऱ्याच्या लक्षात यायला हवे होते.

कॉलेजात आल्यावर इतिहासाच्या मॅडमनी एकदा पडद्यावर आम्हाला एक चित्र दाखवले. हान्स होल्बाईन या चित्रकाराने १५३३ साली काढलेले 'राजदूत' हे ते चित्र. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दोन रुबाबदार पुरुष उभे आहेत. त्यांच्या मधल्या फळ्यांवर पृथ्वीचे आणि आकाशाचे गोल, कालमापनाची यंत्रे, पुस्तके, एक तंतुवाद्य. सारी विद्या जणू मांडून ठेवली आहे. आणि त्यांच्या पायांपाशी जमिनीवर काहीतरी तिरपे, लांबट, पुसट पडले आहे. समोरून पाहिले तर ते काय आहे ते कळत नाही. चित्राच्या एका कडेला जाऊन तिरक्या नजरेने पाहिले, की ती कवटी आहे हे कळते! विद्या असो, वैभव असो, मरण चुकत नाही, असा त्याचा अर्थ मॅडमनी सांगितला. तो अर्थ बरोबरच आहे. पण माझ्या मनात आणखी एक गोष्ट आली. समोर, मधोमध उभे राहणाऱ्याला ती कवटी दिसत नाही. जो कडेला उभा आहे, त्यालाच दिसते. आमच्या गावात विद्येच्या आणि शेतीशास्त्राच्या समोर कोण उभे असते आणि कडेला कोण उभे असते, हे मी इथे वेगळे सांगायला नको.

चित्रकारांना कवटीचे वेड जुनेच. लिओनार्दो दा विंचीने १४८९ साली कापलेल्या कवटीची रेखाटने केली. सगळ्या इंद्रियांचे ज्ञान डोक्यात नेमके कुठे एकत्र येते, ती जागा तो मापे घेऊन शोधत होता. व्हेसालियसच्या १५४३ सालच्या शरीररचनेच्या ग्रंथात एक सांगाडा चौथऱ्याला टेकून, समोरच्या कवटीवर हात ठेवून चक्क विचार करतो आहे! आपल्याकडे तर महादेवाच्या गळ्यात मुंडमाळ आणि हातात भिक्षेसाठी कपाल. चामुंडेचे खपाटीला गेलेले पोट आणि गळ्यातल्या मुंडांची माळ पाहून लहानपणी भीती वाटायची. आज वाटते, ज्याला मरण रोज भेटते, त्याचीच देवता मरण असे अंगावर दागिन्यासारखे घालून बसत असेल.

पण कवटीचा इतिहास चित्रांपाशी थांबत नाही. एकदा तिच्यावर मोजपट्टी लागली, आणि तिथून खरी भीती सुरू होते. अमेरिकेत सॅम्युएल मॉर्टन नावाच्या डॉक्टराने शेकडो कवट्या जमवल्या. त्यांत शिशाचे छर्रे भरून त्यांची धारणा मोजली आणि कोणत्या वंशाचे डोके मोठे, कोणत्याचे लहान, याचे कोष्टक मांडले. त्याचा ग्रंथ १८३९ सालचा. धान्य जसे पायलीने मोजावे, तशी माणसाची योग्यता मोजायची! त्या कोष्टकांचा आधार गुलामगिरीच्या समर्थकांनी आनंदाने घेतला. आपल्या देशात १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या लांबीरुंदीची मापे घेऊन जातींची उतरंड त्या मापांशी जुळवून दाखवण्याचा खटाटोप केला. जन्माने मिळालेल्या पायरीला आता विज्ञानाचा शिक्का मिळाला, असे ज्यांना हवे होते त्यांना वाटले.

याला उत्तर देणाऱ्यांत आपली दोन माणसे आहेत, हे समाजशास्त्राच्या सरांनी सांगितले तेव्हा मी वहीत दोनदा अधोरेखित केले. एक म्हणजे 'युगान्त'च्या लेखिका इरावती कर्वे. आम्हाला त्या द्रौपदी आणि कुंतीवर लिहिणाऱ्या म्हणून माहीत. पण त्याआधी, वयाच्या पंचविशीच्या आत, त्या बर्लिनला जाऊन कवट्या मोजत बसल्या होत्या! त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचा सिद्धान्त असा, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, उजवी बाजू मोठी असते आणि त्यातच त्याच्या श्रेष्ठ बुद्धीचे मूळ आहे. इरावतीबाईंनी १४९ कवट्यांची काटेकोर मापे घेतली आणि लिहिले, की कवटीच्या अशा असमानतेचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. परदेशातली विद्यार्थिनी, समोर मार्गदर्शक, आणि त्याच्याच सिद्धान्ताच्या विरुद्ध प्रबंध! फिशर यांनी त्यांना सर्वांत खालची श्रेणी दिली, असे सांगतात. पण १९३० साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. पुढच्याच दशकात जर्मनीत वंशश्रेष्ठत्वाच्या नावाने काय घडले, ते जगाला ठाऊक आहे.

दुसरे अर्थातच डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी नाकांच्या मापांची तीच आकडेवारी हाती घेतली आणि तिच्याच आधारे दाखवून दिले, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे दोन वेगळे वंश ठरत नाहीत. ज्या मोजपट्टीने आपल्याला खाली ढकलले, तीच मोजपट्टी हातात घेऊन खरे माप सांगायचे, याला शिक्षण म्हणतात. मला तरी शिक्षणाची याहून चांगली व्याख्या अजून सापडलेली नाही.

आता मोजपट्ट्या गेल्या असे आपल्याला वाटते. पण तालुक्याच्या बसस्टँडसमोर उभे राहून शिकवणी वर्गांच्या पाट्या बघा. प्रत्येक पाटीवर मेंदू! कुठे मेंदूत दातेरी चाके फिरताहेत, कुठे मेंदूतून विजेचा दिवा उगवला आहे, कुठे डावा अर्धा आकडेमोडीचा आणि उजवा अर्धा रंगांच्या फवाऱ्यांचा. मेंदूच्या दोन अर्धांची काही कामे वेगळी असतात, हे रॉजर स्पेरी यांनी दाखवले आणि त्यासाठी १९८१ साली त्यांना नोबेल मिळाले, हे खरे. पण म्हणून अमका माणूस डाव्या मेंदूचा आणि तमका उजव्या, असे त्यातून निघत नाही. निरोगी माणूस दोन्ही अर्ध वापरतो. ती पाटी मात्र मुलाला बारावीच्या आतच सांगून टाकते, तू अमुक बाजूचा!

या पाट्यांपेक्षा मला रामोन ई काखाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाची रेखाटने आवडतात. त्याला चित्रकार व्हायचे होते, वडिलांना ते मान्य नव्हते. वडील शरीरशास्त्र शिकवणारे. त्यांनी मुलाला हाडे रेखाटायला बसवले. त्या मुलाने पुढे सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूच्या पेशी पाहून त्यांची जी चित्रे काढली, ती पाहिली तर पानगळीतल्या बाभळीची झाडे वाटतात. १९०६ साली त्याला नोबेल मिळाले. वर्गाच्या पाटीवरचा मेंदू यंत्रासारखा, याचा मेंदू रानासारखा. माणसाच्या मेंदूत अशी सुमारे ८६ अब्ज झाडे असतात, आणि त्या सबंध रानाचे वजन जेमतेम १३००-१४०० ग्रॅम!

हे मी मायला सांगितले तेव्हा तिने विचारले, "न शिकलेल्याच्या डोक्यातही तेवढीच?" मी म्हटले, तेवढीच. ती थोडा वेळ गप्प राहिली. माझी माय चुंबळ ठेवून डोक्यावर कापसाचे गाठोडे आणते. आठवडाभराच्या वेचणीचे किलो आणि त्यांची मजुरी ती तोंडी जुळवते, आणि तिचा हिशेब मालकाच्या वहीशी मी पडताळला आहे. बहुधा वहीच दुरुस्त करावी लागते. ज्या डोक्यावर ओझे असते, त्या डोक्यात काही नसते, असे एक चित्र आपल्या समाजाने मनात धरलेले आहे. ते कोणत्याही पाटीवर रंगवलेले नाही, म्हणून खोडायला कठीण.

आपल्या भाषेने मात्र एक गंमत करून ठेवली आहे. संस्कृतात 'कपाल' म्हणजे कवटी. तोच शब्द मराठीत 'कपाळ' झाला आणि कवटीऐवजी नशीब सांगू लागला. पोर जन्मल्यावर पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, आणि मेल्यावर कवटीवर ज्या नागमोडी रेघा दिसतात, तेच ते लिहिणे, असे माझी आजी सांगे. मी अकरावीला जायचा हट्ट धरला तेव्हाही ती म्हणाली होती, "हिच्या कपाळी चूल लिवली, सटवीचं लिवलं कोनाले पुसता येते?" आजीचा राग येत नाही. तिच्या कपाळी जे आले, ते तिला खरोखरच पुसता आले नव्हते.

पण त्या रेघा मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतल्या कवटीवर बोट फिरवून पाहिल्या आहेत. ते लिहिणे नव्हे, ती शिवण आहे. कवटीचा वरचा घुमट एकसंध जन्मतच नाही. बाळाच्या कवटीची हाडे सुटी असतात, म्हणून ती जन्माच्या अरुंद वाटेतून सरकून बाहेर येऊ शकते. आणि जन्मानंतर मेंदू झपाट्याने वाढतो, म्हणून त्या हाडांच्या मध्ये जागा सोडलेली असते. जिथे जास्त जागा सोडलेली असते तिला आपण टाळू म्हणतो. ती भरायला दीड-दोन वर्षे लागतात. बाकीच्या शिवणी सांधायला तर वय मोठे व्हावे लागते. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी माझ्याही कवटीतल्या कितीतरी शिवणी अजून पुरत्या सांधलेल्या नसणार. आजीने ज्याला ठरून गेलेले नशीब म्हटले, ते वाढीसाठी ठेवलेले अंतर निघाले! आजी आज असती, तर तिला हे सांगताना मी घाबरले असते. पण सांगितले असते.

माझ्या ताईला आता सहा महिन्यांची मुलगी आहे. दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा माय तिच्या टाळूवर तेल भरत होती. "हळू," मला म्हणाली, "इथं जोर नाही द्याचा." मी नुसते बोट टेकवले. खाली काहीतरी संथपणे धडधडत होते. कोणतेही चित्र नाही, माप नाही, लिहिलेले तर काहीच नाही. आम्ही दोघी बराच वेळ तशाच बसून राहिलो.